निवडणुका, राज्याचे कायदे आणि इंदूरमधलं घर-प्लॉट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या मराठी मंडळींकडून, आणि पुण्या-मुंबईला गेलेल्या पण इथे आईवडिलांचं घर किंवा एखादा प्लॉट मागे असलेल्या लोकांकडून हे प्रश्न सारखे येतात. मी रजिस्ट्रीचे कागद तयार करायचं काम करतो, त्यामुळे निवडणुकीचं वर्ष लागलं की फोन किती वाढतात ते मला माहीत आहे. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती जवळजवळ प्रत्येक उत्तरात येणार आहे: मंचावरची घोषणा वेगळी, राजपत्रात छापलेला कायदा वेगळा, आणि तुमच्या कॉलनीच्या नावानं निघालेला आदेश आणखी वेगळा. पैसे द्यायचे ते फक्त तिसरा कागद हातात बघून.

१. जमीन आणि घराचे कायदे दिल्ली करते की भोपाळ?

बहुतेक सगळं भोपाळ. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत जमीन, जमीन महसूल आणि नगरपालिका-पंचायती राज्याच्या यादीत आहेत, आणि विक्रीच्या दस्तावर स्टॅम्प ड्यूटी किती लावायची तेही राज्यच ठरवतं. मालमत्तेचं हस्तांतरण (शेतजमीन सोडून) आणि दस्तांची नोंदणी हे विषय समवर्ती यादीत आहेत, म्हणजे तिथे केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात, पण केंद्राचा कायदा असेल तर तो वरचढ. रेरा (बिल्डर आणि कॉलनीच्या प्रोजेक्टवर नजर ठेवणारा केंद्राचा कायदा) तसाच आलाय. पश्चिम बंगालनं रेरा बाजूला ठेवून स्वतःचा वेगळा कायदा केला होता, तो सुप्रीम कोर्टानं मे २०२१ मध्ये रद्द केला.

म्हणूनच घर घेणाऱ्याच्या खिशावर लोकसभेपेक्षा विधानसभेचा आणि महापालिकेचा निकाल जास्त परिणाम करतो. लोक मात्र लोकसभेच्या वेळी घाबरतात आणि महापालिकेच्या वेळी मतदानालाही जात नाहीत, हे मला खरंच खटकतं.

२. मध्य प्रदेशात रजिस्ट्रीला एकूण किती लागतात? पुण्यात तर एवढे लागत नाहीत.

शहरी भागात विक्रीच्या रजिस्ट्रीवर साधारण ९.५ टक्के स्टॅम्प ड्यूटी (मूळ ड्यूटी, नगरपालिकेचा हिस्सा, जनपद पंचायतीचा हिस्सा आणि उपकर धरून) आणि वर ३ टक्के नोंदणी शुल्क, म्हणजे १२.५ टक्के. खरेदीदार बाई असेल तर नोंदणी शुल्क ३ ऐवजी १ टक्का, म्हणजे १०.५. पन्नास लाखांच्या घरावर पुरुषाच्या नावे सव्वासहा लाख, बाईच्या नावे सव्वापाच लाख. पूर्ण एक लाखाचा फरक आहे, म्हणून घरात आधी बसून ठरवा नाव कोणाचं लावायचं.

महाराष्ट्राशी तुलना करून उपयोग नाही, कारण हा दर प्रत्येक राज्य आपापला ठरवतं (प्रश्न १). तिथल्या रेडी रेकनरला इथे कलेक्टर गाइडलाइन म्हणतात, सातबाऱ्याच्या जागी खसरा आणि बी-१ असतात, आणि रजिस्ट्री 'संपदा' पोर्टलवर होते. त्याची २.० आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली.

३. कलेक्टर गाइडलाइन म्हणजे काय आणि निवडणूक आली की ती वाढायची थांबते का?

एखाद्या गल्लीतल्या किंवा कॉलनीतल्या जागेचा सरकारनं धरलेला किमान दर म्हणजे गाइडलाइन. तुम्ही त्यापेक्षा स्वस्तात घेतलं तरी ड्यूटी गाइडलाइनच्या दरानंच भरायची, जास्तीत घेतलं तर खऱ्या किमतीवर. उपजिल्हा आणि जिल्हा मूल्यांकन समिती प्रस्ताव तयार करतात, लोकांकडून सूचना-हरकती मागवतात आणि भोपाळचं केंद्रीय मूल्यांकन बोर्ड मंजूर करतं. रिवाजानं नवे दर १ एप्रिलला लागतात.

आता निवडणुकीचं. २०१९ बघा. लोकसभेचा निकाल लागला २३ मे ला आणि जूनमध्ये राज्यातल्या कमलनाथ सरकारनं एकदम मोठा निर्णय घेतला, गाइडलाइन सरसकट २० टक्के कमी. लोक खूश झाले, पण त्याच निर्णयात नोंदणी शुल्क ०.८ वरून ३ टक्के झालं आणि शहरातला एकूण खर्च १०.३ वरून १२.५ टक्क्यांवर गेला. आता हिशोब करा: ५० लाख गाइडलाइनवर १०.३ टक्के म्हणजे ५ लाख १५ हजार, आणि कमी झालेल्या ४० लाखांवर १२.५ टक्के म्हणजे ५ लाख. वाचले १५ हजार. गाइडलाइन नंतर पुन्हा हळूहळू चढत गेली, १२.५ मात्र तसेच राहिले. त्यामुळे 'गाइडलाइन कमी केली' अशी बातमी वाचली की लगेच बाजूचा दुसरा आकडा शोधायचा, ड्यूटी आणि शुल्क किती झालं ते.

दुसरं उदाहरण सप्टेंबर २०२०. कोरोनात बाजार बसला होता, आणि नोव्हेंबरमध्ये राज्यात २८ जागांची पोटनिवडणूक होती, आपल्या जिल्ह्यातलं सांवेर त्यातच. तेव्हा शहरी रजिस्ट्रीवरचा नगरपालिकेचा हिस्सा ३ वरून १ टक्का केला, पण फक्त ३१ डिसेंबरपर्यंत. ज्यांचे कागद तयार होते त्यांचे खरोखर पैसे वाचले, आणि जे 'पुढे आणखी कमी होईल' म्हणून थांबले त्यांना जानेवारीत जुनाच दर भरावा लागला. अशा सवलतीला मुदत असते, आणि ती मुदत संपायच्या आठवड्यात रजिस्ट्रीचा स्लॉट (ठरलेली वेळ) मिळत नाही.

४. आचारसंहिता लागली की रजिस्ट्री बंद होते का?

नाही. उपपंजीयक कार्यालय चालू असतं, स्लॉट मिळतात, बँकेचं कर्जही मिळतं. मतदानाच्या दिवशी सुट्टी, बस तेवढंच. आचारसंहितेत बंदी असते ती सरकारच्या नव्या घोषणा, नवी योजना, मंत्र्यांच्या हातून भूमिपूजन-लोकार्पण या गोष्टींवर. चालू असलेली कामं चालू राहतात. तुमची आणि विकणाऱ्याची खासगी खरेदी-विक्री आहे, तिचा आचारसंहितेशी काही संबंध नाही.

५. मग माझं नामांतरण (फेरफार), सीमांकन (मोजणी) का रखडलंय? पटवारी म्हणतो निवडणूक आटपू दे.

तो खोटं बोलत नाहीये. कायद्यानं काम थांबलेलं नसतं, माणूस दुसरीकडे लागलेला असतो. कलेक्टर हाच जिल्हा निवडणूक अधिकारी, एसडीएम रिटर्निंग ऑफिसर, तहसीलदार आणि पटवारी बूथ आणि मतदारयादीच्या मागे. इंदूर जिल्ह्यात विधानसभेच्या ९ जागा आहेत, त्यामुळे महसूल खात्याचा जवळजवळ सगळा स्टाफ त्यात जुंपला जातो. सीमांकनाला तर पटवारी आणि आरआय (महसूल निरीक्षक) प्रत्यक्ष जमिनीवर यावे लागतात, ते निवडणुकीच्या दोन-अडीच महिन्यांत जवळजवळ अशक्यच.

यातून थोडी सुटका झालीये. पूर्ण खसरा नंबर विकला असेल आणि वाद नसेल तर सायबर तहसीलमधून नामांतरण आपोआप चालतं, अर्ज करायला लागत नाही, आणि फेब्रुवारी २०२४ पासून ही सोय सगळ्या जिल्ह्यांत आहे. डायव्हर्शनसाठीही (शेतजमीन बिगरशेती करायला) २०१८ मध्ये भू-राजस्व संहिता बदलल्यापासून एसडीएमच्या परवानगीची वाट बघायची नसते, स्वतः हिशोब करून ऑनलाइन पैसे भरून कळवायचं असतं. पण लक्षात ठेवा, डायव्हर्शन झालं म्हणजे कॉलनी मंजूर झाली असं नाही. हे दोन वेगळे कागद आहेत आणि प्लॉट विकणारे मुद्दाम पहिलाच दाखवतात.

६. बयान्याचे तीन लाख रोख घेऊन जायचे आहेत, निवडणुकीत पकडतील का?

पकडू शकतात. निवडणुकीच्या काळात नाक्यावरची पथकं ५० हजारांहून जास्त रोकड कागदाशिवाय सापडली तर जप्त करतात, मग बँकेची स्लिप आणि सौद्याचा कागद दाखवून सोडवत बसा. पण खरं उत्तर वेगळं आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं हे आयकर कायद्यानं एरवीही चालत नाही आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच लागतो. चेकनं किंवा बँकेतून द्या आणि करारात चेक नंबर लिहा.

७. निवडणुकीआधी अवैध (परवानगीशिवाय प्लॉट पाडलेल्या) कॉलन्या वैध होणार म्हणतात. आत्ता स्वस्तात मिळतोय, घेऊन ठेवू का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, आणि यातच लोक सगळ्यात जास्त बुडतात, म्हणून सविस्तर सांगतो.

क्रम बघा. मे २०१८, विधानसभेचं वर्ष, ग्वाल्हेरहून अवैध कॉलन्या वैध करायच्या मोहिमेची सुरुवात झाली. कार्यक्रम झाले, याद्या लागल्या. नोव्हेंबरमध्ये मतदान झालं, सरकार बदललं. जून २०१९ मध्ये हायकोर्टाच्या ग्वाल्हेर खंडपीठानं ज्या नियमाच्या आधारे हे चाललं होतं तो नियमच, १९९८ च्या कॉलोनायझर (कॉलनी पाडून प्लॉट विकणारा) नियमांतला १५-ए, रद्द केला. म्हणजे ज्यांनी 'वैध' म्हणून घेतलं होतं त्यांच्या पायाखालचा कायदाच गेला. मग २०२१ मध्ये सरकारनं महापालिका आणि नगरपालिका कायद्यातच दुरुस्ती केली, म्हणजे आता नियम नाही तर कायद्याचा आधार आला, आणि त्यावर नवे कॉलनी विकास नियम आले. मे २०२३, पुन्हा विधानसभेचं वर्ष, मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जाहीर केलं की डिसेंबर २०२२ पर्यंतच्या कॉलन्या घेणार (आधी ही तारीख डिसेंबर २०१६ होती) आणि रहिवाशांकडून विकास शुल्क घेणार नाही. नोव्हेंबरमध्ये मतदान झालं, पक्ष तोच राहिला पण मुख्यमंत्री बदलले, आणि नवे नगरविकास मंत्री कैलाश विजयवर्गीय, जे आपल्या इंदूर-१ चेच आमदार, त्यांनी २०२४ मध्ये उलटी भूमिका घेतली: वैध करत बसण्यापेक्षा अवैध कॉलनी कापणाऱ्यांवर कडक कायदा.

यातून तीन गोष्टी घ्या. कटऑफ तारीख नेहमी मागची असते, त्यामुळे आज घेतलेला किंवा आज कापलेला प्लॉट तिच्यात बसतच नाही. दुसरी, सरकार तेच राहिलं तरी धोरण तेच राहील असं नाही. तिसरी, जो विकतोय त्याला घोषणेचा फायदा आजच मिळतो, कारण तो त्याच आठवड्यात भाव वाढवतो, आणि तुम्हाला मिळालाच तर काही वर्षांनी. मी तरी माझ्या जवळच्या कोणाला असा प्लॉट घेऊ देणार नाही. ज्यांचं घर आधीच तिथे आहे, वीस-वीस वर्षं राहतायत, त्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्यासाठी पुढचा प्रश्न.

८. आमच्या कॉलनीचं नाव वैध झालेल्यांच्या यादीत आलंय. आता झालं ना सगळं?

अजून नाही. कॉलनी वैध झाल्यानं मिळतं ते म्हणजे नळ, ड्रेनेज, रस्ता, आणि घराचा नकाशा मंजूर करायचा मार्ग, म्हणजे मग बँकेचं कर्जही. तुमची मालकी त्यानं सिद्ध होत नाही. तुमच्या हातात नोटरीचा कागद असेल तर तो वैध कॉलनीतही नोटरीचाच कागद राहतो (प्रश्न ९). सरकारी जमिनीवरची, ग्रीन बेल्टमधली किंवा मास्टर प्लॅनच्या रस्त्यात येणारी घरं कॉलनी वैध झाली तरी बाहेरच राहतात. म्हणून यादीत फक्त कॉलनीचं नाव बघू नका, मंजूर ले-आउटमध्ये तुमचा प्लॉट नंबर दिसतो का ते झोन ऑफिसात जाऊन बघा आणि नकाशाची प्रमाणित प्रत घ्या.

९. काका, आम्ही १९९८ साली नोटरीवर प्लॉट घेतला, सगळे तसंच घेत होते. तो आमचा आहे की नाही?

ताबा तुमचा आहे, मालकी कागदावर अजून विकणाऱ्याची. स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणी केलेल्या दस्तानंच होते, आणि मुखत्यारपत्र, करार, मृत्युपत्र असा गठ्ठा देऊन झालेल्या 'विक्री'नं मालकी मिळत नाही हे सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये स्पष्ट केलंय. कोणत्याही निवडणुकीतली कोणतीही घोषणा हे बदलत नाही. विकणारा किंवा त्याचे वारस हयात आणि सापडतायत तोवर रजिस्ट्री करून घ्या, ड्यूटी आजच्या गाइडलाइननं लागेल, कडू वाटेल पण भरा. वारस तिसऱ्या पिढीत गेले की एकेक सही गोळा करणं फार अवघड होतं.

१०. डायरीवर प्लॉट बुक करतात ते काय असतं? इंदूरला सगळेच करतात म्हणे.

सगळे करत नाहीत, पण पुष्कळ करतात हे खरं. कॉलनीची परवानगी यायच्या आधी कॉलोनायझर किंवा दलाल एका छोट्या डायरीत किंवा चिठ्ठीवर प्लॉट नंबर, स्क्वेअर फूट, भाव आणि मिळालेली रोकड लिहून देतो, त्यावर ना कंपनीचं नाव, ना नीट सही. मग ती डायरीच हातोहात विकली जाते, पहिला १,२०० च्या भावात घेतो, दुसरा १,५०० ला, तिसरा १,८०० ला, आणि जमिनीचा एक इंचही कोणाच्या नावावर नसतो.

निवडणुकीच्या वर्षात हे वाढतं, कारण 'निवडणूक झाली की परवानगी निघेल, तेव्हा भाव दुप्पट' हे वाक्य सहज पटतं. परवानगी आली नाही किंवा कॉलोनायझरनं नकाशा बदलला तर तुमच्याकडे पुरावा काय? रोख दिलेली, पावती नाही, रेराही नाही. अशी डायरी घेऊन माझ्याकडे आलेल्या माणसांना मी काही मदत करू शकलेलो नाही, आणि त्यात एका ताईंनी मुलीच्या लग्नाचे पैसे घातले होते. कृपा करून करू नका.

११. रेरा आहे ना, मग राज्याच्या कायद्यांची काळजी कशाला?

रेरा केंद्राचा कायदा, पण चालवतं राज्य. नियम राज्याचे, प्राधिकरण राज्याचं, ते भोपाळला बसतं. म्हणून पुण्यात राहून इंदूरच्या प्रोजेक्टची तक्रार महारेरात चालत नाही, मध्य प्रदेश रेरातच करायची, अर्ज ऑनलाइन होतो.

कामाच्या गोष्टी: जमीन ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा युनिटं ८ च्या आत असतील तर रेरा नोंदणी लागत नाही, आणि काही लोक मुद्दाम त्याच मापाचे तुकडे पाडतात. नोंदणीकृत कराराशिवाय १० टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. प्लॉटची कॉलनी असेल तर रेरा नंबरासोबत 'बंधक प्लॉट'ची यादीही मागा. विकासकामाची हमी म्हणून कॉलोनायझरला काही प्लॉट महापालिकेकडे बंधक ठेवावे लागतात, काम पुरं झाल्याचा दाखला मिळाला की ते सुटतात, आणि तोवर ते विकता येत नाहीत. तरी विकले जातात.

१२. बिल्डर म्हणतो आचारसंहितेमुळे ताबा सहा महिने उशिरा. हे चालतं का?

आपोआप नाही. रेराच्या कलम ६ मध्ये मुदतवाढीसाठी युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप आणि अशाच नैसर्गिक आपत्ती लिहिल्यात, निवडणूक त्यात नाही. त्याशिवाय बिल्डरची चूक नसेल आणि कारण पटण्यासारखं असेल तर रेरा जास्तीत जास्त एक वर्ष देऊ शकतं, पण ते रेरानं लेखी दिलं पाहिजे, बिल्डरनं व्हॉट्सअॅपवर कळवून चालत नाही. पोर्टलवर प्रोजेक्ट उघडून ताब्याची तारीख बदललीये का बघा. बदललेली नसेल तर उशिराचं व्याज मागायचा हक्क तुमचा आहे.

१३. निवडणुकीच्या आधी घ्यावं की नंतर? भाव कधी पडतात?

भावाचं भविष्य मी सांगत नाही. पण बांधकामाबद्दल एक अभ्यास आहे, देवेश कपूर आणि मिलन वैष्णव यांचा. त्यांनी राज्याराज्यांतला सिमेंटचा खप निवडणुकीच्या तारखांशी लावून बघितला आणि मतदानाच्या महिन्यात खप घसरतो असं त्यांना दिसलं. त्यांचा तर्क असा की बिल्डरांकडचा रोख पैसा तेवढा काळ प्रचाराकडे वळतो आणि साइटवर चणचण होते. साइटवर उभं राहिलं की हे जाणवतंही, मजूर कमी दिसतात, ठेकेदार 'पुढच्या महिन्यात' म्हणतो.

घेणाऱ्यासाठी याचा अर्थ इतकाच की बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर हप्ता कामाच्या टप्प्याप्रमाणे द्या, तारखेप्रमाणे नको. तयार घर असेल तर निवडणुकीचं काही मनावर घेऊ नका. त्या काळात बिल्डरला पैशाची गरज असली तर थोडीफार घासाघीस होऊ शकते, तेवढा फायदा घ्या.

१४. नवा मास्टर प्लॅन आला की आमची शेतजमीन निवासी होणार म्हणतात. कधी येणार?

इंदूरचा सध्याचा प्लॅन १ जानेवारी २००८ पासून लागू आहे आणि तो २०२१ सालापर्यंतचा विचार करून केलेला होता. पुढचा २०३५ च्या नावानं चर्चेत आहे. मुदत सरली म्हणजे जुना प्लॅन रद्द झाला असं नाही, नवा लागू होईपर्यंत तोच चालतो, त्यामुळे आज जमीन जुन्या प्लॅनमध्ये कृषी असेल तर ती आज कृषीच आहे. नियोजन क्षेत्रात नव्यानं घेतलेल्या ७९ गावांत तर लोक परवानग्यांसाठी बराच काळ अडकून पडले.

मास्टर प्लॅन निवडणुकीच्या तोंडावर येत नाही याचं कारण साधं आहे. कोणाची जमीन निवासी होते, शेजारच्याच्या जमिनीवर बाग किंवा शंभर फुटी रस्ता पडतो, आणि नाराज होणारा जास्त जोरात बोलतो. मसुदा आधी प्रसिद्ध होतो आणि त्यावर हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. तो मसुदा निघेल तेव्हा तो महिना वाया घालवू नका, आपला खसरा नंबर नकाशावर शोधा आणि हरकत लेखी द्या, पोच घ्या. 'प्रस्तावित निवासी' म्हणून कोणी रंगीत नकाशा दाखवला तर त्याच्यावर टी अँड सीपीची (नगर तथा ग्राम निवेश खात्याची) मोहोर आणि तारीख आहे का तेवढं विचारा.

१५. मेट्रो, सिंहस्थ, मेट्रोपॉलिटन… हे ऐकून भाव वाढवतायत. खरं किती?

मेट्रोच्या तारखाच बघा. भूमिपूजन १४ सप्टेंबर २०१९. ट्रायल रन ३० सप्टेंबर २०२३, आणि त्यानंतर बरोबर ९ दिवसांनी विधानसभेची आचारसंहिता लागली. प्रवासी बसले ३१ मे २०२५ ला, तेही सुपर कॉरिडॉरच्या साधारण ६ किलोमीटरवर. शहराच्या आतला भाग जमिनीखालून की वरून यावर वाद चालतच राहिला. म्हणजे 'मेट्रो टच' म्हणून जास्तीचे पैसे मागतायत तर स्टेशन बांधलेलं दिसतंय का ते जाऊन बघा.

महानगर क्षेत्राचा कायदा विधानसभेनं २०२५ मध्ये केला, त्यात इंदूर, उज्जैन, देवास, धारचा पट्टा एकत्र नियोजनात येणार. कायदा खरा आहे, पण त्यातून तुमच्या गावाचा जमीनवापर लगेच बदलत नाही, आधी प्राधिकरण, मग प्लॅन, मग प्रश्न १४ मधलं सगळं. आणि उज्जैनला सिंहस्थासाठीची लँड पूलिंग (शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र घेऊन विकास करायची योजना) शेतकऱ्यांच्या विरोधानंतर सरकारनं २०२५ मध्येच मागे घेतली, हेही लक्षात असू द्या. जाहीर झालेलं मागेही जातं.

१६. आमची जमीन आयडीएच्या (इंदूर विकास प्राधिकरणाच्या) योजनेत आलीये. विकता येईल? काय मिळेल?

२०१९ च्या सुमारास नगर तथा ग्राम निवेश कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. ज्या जुन्या योजनांवर १० टक्केसुद्धा खर्च झाला नव्हता त्या संपल्या, आणि पुढच्या योजना टीपीएसच्या (टाउन प्लॅनिंग स्कीमच्या) रूपात आल्या, त्यात जमीनमालकाला साधारण अर्धी जमीन विकसित प्लॉटच्या रूपात परत मिळते. पूर्वीच्या, पैसे देऊन सगळी जमीन घ्यायच्या पद्धतीपेक्षा हे बरं आहे असं माझं मत आहे, पण रस्ते-ड्रेनेज होईपर्यंत वर्षं जातात, आणि तोवर ती जमीन ना शेतीची ना प्लॉटची. विकताना योजनेची गोष्ट करारात स्पष्ट लिहा, लपवून विकलं तर वाद तुमच्याच दारात येईल. घेणाऱ्यानं आयडीएकडून त्या खसरा नंबराची लेखी एनओसी मागावी, तोंडी 'सुटली आहे जमीन' यावर जाऊ नये.

१७. सरकार बदललं तर आधीच्या सरकारनं दिलेली परवानगी जाते का?

नाही. रीतसर मिळालेली बांधकाम परवानगी, झालेली रजिस्ट्री, मंजूर ले-आउट हे सरकार बदलल्यानं रद्द होत नाहीत. जातं ते धोरण: चालू सवलत, पुढची मोहीम, प्रस्ताव. आणि कोर्ट नियमच रद्द करतं तेव्हा त्यावर उभ्या राहिलेल्या गोष्टी अडचणीत येतात, तो प्रकार प्रश्न ७ मध्ये आहे.

१८. निवडणुकीत वाटलेला पट्टा विकत घेता येतो का? स्वस्त आहे.

पट्टा म्हणजे मालकी नाही, राहायचा हक्क. शहरातल्या भूमिहीनांना पट्टे द्यायचा कायदा मध्य प्रदेशात १९८४ मध्ये झाला आणि त्याची कटऑफ तारीख नंतर पुढे सरकत गेली, गरिबाला त्यानं डोक्यावर छप्पर मिळालं, ही फार मोठी गोष्ट आहे. पण ते ज्याचं त्याच्यासाठी आहे. गावाकडच्या सरकारी पट्ट्याच्या जमिनीलाही कलेक्टरची परवानगी लागते. खसऱ्याच्या कैफियत रकान्यात 'अहस्तांतरणीय' किंवा 'शासकीय पट्टेदार' दिसलं की तिथेच थांबा. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर भू-राजस्व संहितेचं कलम १६५ आडवं येतं, ती आदिवासी नसलेल्याला सहज विकता येत नाही; महू-मानपूरकडे हे खूप वेळा निघतं.

१९. मिलच्या जमिनीचं काय झालं? बाबा हुकुमचंद मिलला होते.

डिसेंबर १९९१ मध्ये मिल बंद पडली आणि साडेपाच हजारांहून जास्त कामगारांची देणी तीस वर्षांवर अडकली. शेवटी जमीन हाउसिंग बोर्डानं घ्यायची आणि त्या पैशातून देणी द्यायची असं ठरलं, पण २०२३ ची आचारसंहिता मध्ये आली, आणि निकाल लागून नवं सरकार बसल्यावर २५ डिसेंबर २०२३ ला कामगारांच्या २२४ कोटींचा विषय मार्गी लागला. कामगार हयात नसेल तर वारसांनी दावा लावायचा असतो. बाबांचा टोकन नंबर, पीएफची स्लिप, मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद काढून ठेवा आणि परिसमापकाकडे, म्हणजे कोर्टानं नेमलेल्या लिक्विडेटरकडे, नाव तपासा. युनियनच्या जुन्या मंडळींकडे याद्या आहेत, त्यांना आधी भेटा.

२०. येत्या निवडणुकीत उमेदवार दारात आला तर आम्ही कॉलनीवाल्यांनी काय मागायचं?

महापालिकेची मागची निवडणूक जुलै २०२२ मध्ये झाली, म्हणजे पुढची २०२७, आणि विधानसभा २०२८ च्या शेवटी. या दोन्हींच्या आधीचं वर्ष तुमच्या कामाचं आहे, कारण तेव्हा झोन ऑफिसमधली फाइलसुद्धा हलते. 'कॉलनी वैध करा' असं मोघम मागू नका. रहिवासी संघ नोंदवलेला नसेल तर आधी नोंदवा. मग एका कागदावर लिहा: ले-आउटची फाइल कोणत्या टेबलावर आहे, तिचा आवक क्रमांक, कोणती एनओसी बाकी आहे, ड्रेनेज लाइन कुठून कुठवर हवी, किती मीटर. पार्षदाच्या (नगरसेवकाच्या) उमेदवाराला तीच प्रत, समोरच्या उमेदवारालाही तीच, आणि एक झोनल अधिकाऱ्याला आवक करून पोच घ्या. आचारसंहिता लागल्यावर नवं काम मंजूर होत नाही (प्रश्न ४), म्हणून टेंडर आणि वर्क ऑर्डर त्याआधी निघाली पाहिजे, निवडणुकीच्या तारखेच्या किमान चार-पाच महिने आधी मागे लागा. वर्क ऑर्डर नंबर मिळाला की त्याची झेरॉक्स प्रत्येक घरात ठेवा. नवा पार्षद आला तरी त्या नंबरावरून कामाचा पाठपुरावा करता येतो.